लाजरीचा चौथा ठोका

चुडामण आबांचे डोळे शाबूत होते, पण महत्त्वाची कुठलीही गोष्ट ते डोळे मिटूनच पाहायचे. बैलबाजारात बाकीचे शेतकरी बैलाचे दात मोजत, खांदा चाचपत, शेपूट पिळत. आबा म्हणत, "चालाड त्याले." बैल चार पावलं चालला की पापण्या मिटलेल्या अवस्थेतच निकाल येई, "मागला डावा पाय उशिरा टाकस. नको." बैलाचा धनी सातपुड्याची शपथ घेई, आणि सहा महिन्यांत तो बैल लंगडू लागे. त्यामुळे पाचोरा ते शेंदुर्णी या पट्ट्यात आबांच्या कानांना मोठा मान होता. घरात तेवढा नव्हता, कारण बायकोची हाक त्याच कानांत कधी शिरत नसे.

असा माणूस आगगाडीच्या वाटेला गेला नसता तर बरं झालं असतं. पण पाचोऱ्याहून जामनेरकडे जाणारी छोटी गाडी नेमकी त्यांच्या कपाशीच्या बांधाला खेटून गेली, आणि तीही येता-जाता दोन्ही बाजूंनी चढ असलेल्या जागी! सपाटीला इंजिन काय, कुणीही धावतं. चढावर ते बोलायला लागतं. गाडी सकाळी जाताना आणि दुपारी परतताना आबा त्याचं बोलणं ऐकू लागले.

त्या मार्गावर तीन इंजिनं होती. कंपनीने त्यांना आकडे दिले होते, आबांनी नावं दिली. चढ दिसताच फुत्कार टाकणारी तापट. कुठूनतरी वाफ गळत असल्याने सारखी हुंदके देणारी रडकी. आणि तिसरी लाजरी. लाजरीचे तीन ठोके ठणठणीत पडत, आणि चौथा ठोका असा पडे की सुनेने सासऱ्यासमोर तोंडाला पदर लावून हसावं. छक, छक, छक, हुं. छक, छक, छक, हुं. त्या 'हुं'साठी आबा निंदणी सोडून बांधावर येत. गाडी वळणाआड असतानाच सांगत, "लाजरी उनी." आजूबाजूच्या शेतांतली माणसं मुद्दाम थांबून पाहत. आबा कधी चुकले नाहीत.

"लोकेसनी सवत हाडामासनी र्‍हास," आबांच्या पत्नी वच्छलाबाई विहिरीवर सगळ्या बायकांना सांगत. "मन्ही लोखंडनी शे. तिले नखं मारता येतस नही."

लाजरी चालवायचा भटू ड्रायव्हर, धुळ्याकडचा, काळासावळा आणि मायाळू. बांधावर आबा दिसले की तो शिट्टी देई. आबांशी त्याची मैत्री इतकी वाढली की पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून झाल्यावर, आबा उरलेली वाटी घेऊन स्टेशनात गेले.

"भटू, लाजरीनी खांदेमळणी करानी शे."

"आबा, इंजिनले खांदा कोठे शे?"

यावर बराच खल झाला. बैल ज्या अवयवाने ओढतो तो खांदा, हे दोघांनाही मान्य होतं. इंजिन डबे ओढतं ते मागच्या आकड्याने. म्हणजे लाजरीचा खांदा तिच्या पाठीमागे आहे, असं शास्त्र निघालं आणि त्या आकड्याला हळद-लोणी चोळलं गेलं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य आला. तो लाजरीच्या वतीने भटूने खाल्ला. दरवर्षी खाऊ लागला.

चौतीस सालच्या पोळ्याला मात्र भटूच्या शेजारी खाकी कपड्यांतला एक तपासनीस उभा होता. इंजिनांतलं कळणारा, वरच्या दर्जाचा माणूस. आबांना आभाळ ठेंगणं झालं. इतकी वर्षं लाजरीचं कौतुक त्यांनी कपाशीला आणि म्हशीला सांगितलं होतं. आता खरा दर्दी भेटला.

आपल्या चांगल्या बैलाची परक्यापुढे स्तुती करू नये, नजर लागते, हे खानदेशातला कुठलाही शेतकरी पाळतो. आबाही पाळत. पण लोखंडाला कसली नजर लागणार, असा त्यांनी विचार केला.

"साहेब, तीन ठोके तर कोन्हंबी इंजिन दी. पन हिना चौथा आइका! कसा दबकीसन पडस! पंधरा वरीस व्हयनात, एक दिन चुकनी नही."

आबांनी तोंडाने चारही ठोके काढून दाखवले, तपासनीसाने कान दिला. भटू मागून डोळे मोठे करून, मान हलवून, शेवटी पोळीचा घास तोंडात तसाच ठेवून खुणा करत होता. पण ठोके नीट काढण्यासाठी आबांनी डोळे मिटले होते.

"पंधरा वर्षं?" तपासनीस म्हणाला. "आणि कुणी कळवलं नाही?" त्याने खिशातून वही काढली. आपल्या लाजरीची कीर्ती सरकारदरबारी नोंदली गेली, म्हणून आबांनी त्याला दुसरी पोळी वाढली.

चौथ्या दिवशी लाजरी आली नाही. पाचोऱ्याला तिला मोठ्या गाडीच्या उघड्या मालडब्यावर चढवून दूरच्या कारखान्यात नेलं होतं. दोन महिने आबा तापट आणि रडकीवर दिवस काढत होते. मग एका सकाळी वळणाआडून आवाज आला. छक, छक, छक, छक. चारही ठोके सारखे, शाळेच्या कवायतीत उभे केल्यासारखे.

"नवं इंजिन उनं," आबा म्हणाले. तेवढ्यात भटू दिसला. त्याने शिट्टी दिली, पण हात वर केला नाही. ही लाजरीच, हे आबांना तेव्हा कळलं.

आठवडाभर ते जेवले ते न जेवल्यासारखंच. मग धुतलेलं धोतर नेसून भुसावळच्या रेल्वे कचेरीत गेले. तिथला कारकून भला होता. त्याने टाक बुडवून विचारलं, "काय तक्रार?"

"साहेब, आमनं इंजिन दुरुस्त व्हयी गयं."

"बरं झालं. तक्रार काय?"

"हाईच."

"दुरुस्तीनंतर पुन्हा बिघडलं का?"

"नही ना! बठ्ठं नीट शे!" आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "थोडं बिघाडी द्या ना, साहेब. पहिले व्हतं तितलंच. जास्त नको."

कारकुनाने छापील कागद वरून खाली वाचला. गाडीला उशीर, सामान गहाळ, ठिणगीने गंजी पेटणं, जनावर कापलं जाणं, सगळ्याला जागा होती. "आबा, ठिणगीने कपाशी जळाली असं लिहू का?" तो हळूच म्हणाला. "निदान इंजिन तपासायला तरी कुणी येईल."

"तिन्हावर खोटा आळ घेऊ नका," आबा म्हणाले आणि उठले.

त्यानंतर त्यांनी बांधावर जाणं सोडलं. हे भटूच्या जिवाला लागलं. त्याने निरोप धाडला: उद्या सकाळी बांधावर उभे राहा.

आबा उभे राहिले. गाडी चढाला लागली आणि भटूने वाफेच्या दांड्याशी झटापट सुरू केली. तीन ठोके सोडायचे, चौथ्याला वाफ तोडायची, पुन्हा सोडायची. लाजरीने ठसका लागलेल्या म्हशीसारखा आवाज काढला. डबे एकमेकांवर आदळले. एका म्हाताऱ्याचं पागोटं खिडकीतून उडालं, कुणाच्या तरी केळीच्या फण्या कुणाच्या तरी मांडीवर गेल्या. घामाने निथळणारा भटू अर्धा बाहेर लोंबकळत ओरडला, "आबा! जमनं का?"

आवाजाच्या बाबतीत आबा जन्मात खोटं बोलले नव्हते. त्यांनी भटूचा चेहरा पाहिला.

"जमनं रे भाऊ! तीच शे!"

झालं! तेव्हापासून भटू दिवसातून दोनदा हा उद्योग करतो. आता प्रवाशांनाही सवय झाली आहे. आबांचं शेत आलं की ते पागोटी धरतात आणि आबांच्या कुळाचा उद्धार करतात. आबांना दोन्ही वेळा हजर राहावं लागतं, कारण ते दिसले नाहीत तर भटू दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावतो.

"सांगी टाका ना त्याले एकदाव," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्याना हात सुजी गयात, म्हनतस."

परवा आबा सांगायचं ठरवूनच स्टेशनात गेले. भटू इंजिनावरून उतरला, दोन्ही मनगटांना फडकी बांधलेली.

"आबा, आज चौथा बराबर पडना ना?"

"कालपेक्षाबी चांगला," आबा म्हणाले.