विसळलेली बाटली

समजा, तुमच्या हातात निर्जंतुक केलेली बाटली आहे. नळ स्पिरिटने पुसायचा, त्याच्या तोंडाला ज्योत दाखवायची, थोडा वेळ पाणी वाहू द्यायचं आणि मगच बाटली भरायची. झाकणाला आतून बोट लागता कामा नये. लागलंच, तर प्रयोगशाळेत वाढतील ते तुमचे जंतू आणि बदनाम होईल पाणी.

असल्या कामाला संशयी माणूसच लागतो, आणि ती तर जन्माची संशयी. दूधवाल्याच्या मापापासून नवऱ्याच्या “गॅस बंद केलाय गं”पर्यंत कशावरच तिचा भरवसा नाही. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तिला शंकासूर म्हणत, तेही तोंडावर. शहराच्या खालच्या भागातले नमुने ती आणायची, टेकडीवरचे नमुने काका आणायचे. काका सगळ्यांचेच काका: इस्त्रीचा शर्ट, कापलेली नखं, निवृत्ती तोंडावर आलेली.

टेकडीवर तिची धाकटी बहीण राहायची. बहिणीच्या लेकीला महिन्याभरात दोनदा सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पाणी तपासा. पण टेकडीचा प्रत्येक अहवाल स्वच्छ! खालच्या भागात जरा कुठे पाइप फुटला, की जंतू वाढवायच्या ताटलीत ठिपके उगवायचेच. मग टेकडीवर काय अमृत येतं?

तिच्या मनात पाल चुकचुकली. काका वर जातात तरी का? की ऑफिसच्या नळावरच बाटल्या भरून मोकळे होतात?

“काका, आज मी येते तुमच्याबरोबर.”

“का गं? पाळत ठेवतेस?”

“छे हो! बहिणीकडे जायचंय.”

“मग बस स्कूटरवर मागे. आधी ब्रेक तपासून घे हो, शंकासूर.”

तिने खरंच ब्रेक दाबून पाहिला.

काका थेट बहिणीच्या गल्लीत गेले. नळ पुसला, ज्योत दाखवली, पाणी वाहू दिलं. सगळं शिस्तीत. तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. तेवढ्यात काकांनी बाटलीत थोडं पाणी घेतलं, खळखळून हलवलं आणि गटारात ओतलं. मग पुन्हा एकदा.

“काका, हे काय?”

“तळाशी पांढरं काहीतरी असतं गं. धुणाऱ्यांचं लक्ष नसतं. मी आपला विसळून घेतो.”

काका गेल्याच वर्षी क्षार तपासायच्या विभागातून इकडे आलेले. तिथे बाटली विसळूनच भरायची असते.

“अहो, ते औषध असतं! पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे थांबवायला. ते ओतून दिलंत, की क्लोरीन बाटलीत जंतू मारत बसतं, पार प्रयोगशाळेत पोचेपर्यंत. आमची पोर मात्र त्याआधीच नळाखालचा पेला तसाच तोंडाला लावते.”

काका हातातल्या बाटलीकडे बघत राहिले. “म्हणजे माझे स्वच्छ अहवाल...” मग हळूच म्हणाले, “तुला संशय होता, तर आधीच विचारायचंस ना गं.”

तिने दुसरी बाटली न विसळता भरली.

दुसऱ्या दिवशी ताटलीत ठिपकेच ठिपके. तिने साहेबांच्या टेबलावर ताटली ठेवली आणि बहिणीला फोन लावला.

“पाणी उकळूनच दे तिला.”

“देते गं ताई. पण असं किती दिवस उकळत बसू?”

तेच तर तिला सांगता येईना. टेकडीवरच्या टाकीच्या भिंतींवर बुळबुळीत थर धरतो. त्यात जंतू एकमेकांच्या आडोशाने राहतात आणि क्लोरीनला दाद देत नाहीत. तसं असेल, तर टाकी घासली की भागेल. पण टेकडीला पाणी वेगळ्या तळ्यातून येतं; त्या तळ्यातच काही मिसळत असेल, तर टाकी कितीही घासा, नवे येतच राहणार. ताटलीतले ठिपके दोन्हीकडून सारखेच दिसतात. पोरीच्या पेल्यात उतरणारे हे पाहुणे तळ्यातून रोज नव्याने येताहेत, की टाकीत कधीचं बिऱ्हाड थाटून बसलेत?