घाटात सोडलेलं चाक

दुफियेच्या ट्रोट्रोच्या, म्हणजे भाड्याच्या प्रवासी व्हॅनच्या, मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'कोण म्हणतं?' कुमासीहून मामपाँगला जाणाऱ्या लाइनीवर ती एकटीच बाई ड्रायव्हर. बाईमाणसाला घाट झेपायचा नाही, असं ज्या ज्या शहाण्यांनी सुरुवातीला तिला ऐकवलं, त्या सगळ्यांना तिने काचेवरच उत्तर देऊन टाकलं होतं. मग कुणी तोंड उघडलं नाही. निदान तिच्यासमोर तरी नाही.

पण गेल्या आठवड्यात घाटाच्या शेवटच्या वळणावर स्टिअरिंग वळेचना. तिने दात-ओठ खाऊन अंगाचा सगळा भार त्यावर टाकला, तरी गाडी दरीकडेच सरकत राहिली. शेवटी तिने करकचून ब्रेक मारला. आतल्या बायका कोनफळांच्या टोपल्यांसकट किंचाळत उतरल्या. मागच्या ट्रकचा दांडगा ड्रायव्हर आला, त्याने स्टिअरिंगचं चाक ओढलं आणि गाडी वळणापलीकडे नेऊन दिली. दुफिये रस्त्याच्या कडेला उभी राहून ते बघत होती. एवढी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

लाइनीचा रिवाज जुना आहे आणि तो कुणाला सांगावा लागत नाही. घाटात ज्याने आपलं चाक दुसऱ्याच्या हाती दिलं, त्याने सोमवारी किल्ली लाइनीच्या चेअरमनकडे द्यायची. मग काचेवरची अक्षरं ब्लेडने खरवडतात, गाडीवर दुसरा माणूस येतो आणि जुना ड्रायव्हर स्टँडवरच्या बाकावर बसून तिकिटं फाडतो.

चेअरमन अम्पोन्सेम हा काही वाईट माणूस नव्हता. दुफियेला गाडी शिकवली ती त्यानेच. तो मुद्दाम तिच्या घरी आला, मक्याच्या पिठाचं केंके आणि तळलेला मासा पुढे आला तरी त्याने हात लावला नाही.

"दुफिये, हात थकतात गं," तो म्हणाला. "मीही घाटात चाक सोडलं होतं, आठवतं ना? आता गाडी जावई चालवतो. आपल्या मागे लोकांचे जीव बसलेले असतात."

"सोमवारी ना?" दुफियेने विचारलं. "अजून सोमवार उजाडायचाय."

बोलायला बोलून गेली, पण आतून ती हादरली होती. खरंच थकले असतील का हात? पातेलं उचलताना, बादली भरताना ती स्वतःचे दंड चाचपून बघायला लागली.

सोमवारी सकाळी तिने गाडी सुआमे मॅगझिन या गॅरेजांच्या वस्तीत आतकोरा फिटरपुढे नेऊन उभी केली. त्याने बॉनेट उघडलं, पॉवर स्टिअरिंगच्या डब्यात बोट बुडवलं आणि पांढऱ्या फडक्याला पुसलं. लाल दिसायला हवं ते तेल डांबरासारखं काळं निघालं. त्याने वास घेतला.

"आंटी, यात ब्रेक ऑइल कोणी ओतलं?"

"मी. गळती लागली की थोडं ओततात ना. रबर फुगतं, गळती थांबते. आमची अख्खी लाइन तेच करते."

"अख्ख्या लाइनीची अक्कल चरायला गेलीय. रबर फुगून फुगून सडतं आणि त्याचाच चिखल होऊन पंपात बसतो. सगळं धुवून काढावं लागेल. पण आधीच सांगतो, आतली रबरं पार गेली असतील, तर धुवूनही उपयोग नाही. गाडी ठेवून जा. माझी पोरं फिरवतील चाक."

"चाक मी फिरवणार."

"आंटी, इंजिन बंद ठेवून फिरवायचंय. खांदे निखळतील!"

"निखळू देत की! तेच तर बघायचंय मला."

पुढची चाकं जॅकवर चढली. परतीचा पाइप काढून त्याचं तोंड बाटलीत सोडलं. आतकोरा वरून डब्यात नवं तेल ओतायचा आणि दुफिये चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची. प्रत्येक फेरीला बाटलीत काळी घाण ओकली जायची. घाम डोळ्यांत उतरला, तळहात सोलवटले. मॅगझिनमधले फिटर कामं टाकून बघायला जमले. "आंटी, कुस्तीला चाललात की काय?" असं एक जण म्हणालाही. ती थांबली नाही. काळ्याचं तपकिरी झालं आणि तपकिरीचं लाल व्हायला लागलं, तेव्हा अम्पोन्सेम किल्ली न्यायला आला. त्याच्या खिशात काच खरवडायची ब्लेड होती.

तिला तशी घामाघूम बघून त्याला राहवलं नाही. "ऊठ, मी फिरवतो."

"नको. त्यापेक्षा ती ब्लेड द्या इकडे," दुफिये म्हणाली. "पाइपाचं टोक चिरलंय, कापायला हवं."

अम्पोन्सेमने खिशातून ब्लेड काढून आतकोराच्या हातात दिली.

पाइप जोडून इंजिन सुरू केलं, तर पंप जोरात विव्हळायला लागला. अम्पोन्सेमने मान खाली घातली. आतकोरा मात्र डब्यातल्या फेसाकडे बघत होता. "हवा आहे आत. हळूहळू फिरवत राहा."

ती फिरवत राहिली. फेस बसत गेला, विव्हळणं थांबलं आणि एकाएकी चाक हलकं झालं.

"इथे जॅकवर ठीक आहे," अम्पोन्सेम म्हणाला. "घाटाचं काय?"

"बसा शेजारी."

रिकामी गाडी घेऊन दोघं मामपाँगकडे निघाली. ते शेवटचं वळण आलं. दुफियेने श्वास धरला, चाक वळवलं, आणि गाडी निमूट वळली. वर पोचल्यावर तिने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ती रडली. मग डोळे पुसून ती अम्पोन्सेमकडे वळली. आता काय म्हणता, असं त्याला विचारायचं होतं.

अम्पोन्सेम स्वतःच्या हातांकडे बघत बसला होता.

"दुफिये, ते ब्रेक ऑइल ओतायला तुला कोणी शिकवलं?"

तिला सांगायची गरज नव्हती; गाडी शिकवणाऱ्यानेच तेही शिकवलं होतं.

"माझ्या गाडीतही मी तेच ओतत होतो," तो म्हणाला. "शेवटच्या दिवसापर्यंत."

दुफियेने इंजिन बंद केलं, ती खाली उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि किल्ली त्याच्या मांडीवर ठेवली.

"उतरताना तुम्ही चालवा."

"वेडी आहेस का? घाटात दुसऱ्याला चाक द्यायचं नसतं!"

"कोण म्हणतं?" दुफिये म्हणाली. "सरका तिकडे."