टेकाडातले दोन हिसके

गफूरभाई गेल्याचं कार्ड धुळ्याला माझ्या हाती पडलं तेव्हा, खरं सांगतो, आधी दुःख झालंच नाही. आधी भीती वाटली. त्या दिवशी टेकाडाच्या पोटात काय घडलं ते जाणणारे आम्ही दोघंच. आता एकटा मी उरलो, आणि मीही असाच तोंड मिटून जाणार... या भीतीनं दोन दिवस घास उतरला नाही.

गफूरभाई रेल्वेच्या सर्व्हेत खलाशी होते, म्हणजे साखळी ओढायची, खुंट्या ठोकायच्या. मी नकाशे काढणारा. वयानं ते दहा वर्षांनी मोठे, तरी मला भाऊ म्हणायचे. मी जन्माचा भित्रा. तंबूत विंचू निघाला की मी पेटीवर चढायचो, ते त्याला चिमट्यात धरून बाहेर सोडून यायचे. मला कधी हसले नाहीत.

कोरीट गावाच्या अलीकडे तापीकाठी पांढऱ्या मातीचं एक टेकाड होतं. फार जुनं, कुण्या काळचं गाव पोटात घेऊन बसलेलं. नवी लाइन त्याच्यावरून जायची होती, तेव्हा आधी ते मोजून कागदावर उतरवा, असा हुकूम होता. आमच्याकडे धाब्याच्या घरांवर पावसाळ्याआधी खारी माती पसरतात, आणि आसपासची गावं ती पिढ्यान्‌पिढ्या याच टेकाडातून नेत आलेली. वरून खणलं तर ऊन लागतं, म्हणून बाया बाजूनं कोरत कोरत आत शिरायच्या. वर उभं राहिलं की पायाखाली भरीव आहे की पोकळ, कुणी सांगावं! पहिल्याच दिवशी मोजणीच्या दुर्बिणीच्या तिपाईचा एक पाय हातभर खाली गेला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आमचा सर्व्हेचा साहेब म्हणाला, पोकळी किती खोल ते नकाशात हवं, वरून गाडी जाणार आहे. गफूरभाईंनी कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक माझ्या हाती दिलं. "एक हिसका, ढील द्या. दोन हिसका, माले बाहेर वढा," एवढं बोलून ते बायांनी कोरलेल्या बिळातून रांगत आत गेले. दोरी माझ्या मुठीतून सरकत राहिली... मग थांबली. आत कुठंतरी माती भसकन बसली, वरून खापरं गळाली, बिळाच्या तोंडातून धुळीचा लोट आला. आणि हाताला हिसका बसला. एक. मग दुसरा. तो दुसरा अजून माझ्या अंगठ्याच्या मुळाशी आहे. मी काय केलं? दोरी टाकली आणि पळालो. थेट शेताच्या बांधापर्यंत पळालो आणि बाभळीखाली उकिडवा बसलो.

माती न्यायला आलेल्या तीन बायांनी त्यांना उकरून काढलं. मी परतलो तेव्हा ते पापण्यांपर्यंत पांढरे, तोंडातली माती थुंकत बसलेले. साहेबानं मला विचारलं, आतून इशारा झाला होता का? नोकरी जाणार, गावभर छी-थू होणार, एवढंच दिसत होतं. गफूरभाईच बोलले, "मी दोरी वढीच नही. भाऊस्ना काय दोष?" आणि वर पोकळीचं मापही सांगितलं, बारा हात. ते मी नकाशात मांडलं. लाइन पुढे तिकडून गेलीच नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही एका तंबूत काढली, एका चुलीवरची भाकरी खाल्ली. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. काढतील म्हणून मी भ्यायचो, आणि काढत नाहीत म्हणून जास्त भ्यायचो. अहो, एकदा चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो!

महिन्याभरानं नंदुरबारला त्यांच्या घरी गेलो. भाभी इद्दतमध्ये होत्या, नवरा गेल्यावर काही महिने परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून खोलीत मधोमध पडदा. पडदा ज्या दोरीवर टांगला होता ती मी ओळखली. सुतात पांढरी माती अजून मुरलेली होती. त्यांच्या थोरल्यानं शेजाऱ्यांना माझी ओळख करून दिली, "हाईच ते भाऊ. अब्बा सांगेत, भाऊ दोरी धरीसन उभा व्हतात, म्हणीसन मी वाचनू." माना डोलवत शेजारी उठले, तो त्यांना पोचवायला बाहेर गेला. हातातली चहाची कपबशी मी खाली ठेवली, आणि पडद्याकडे तोंड करून कसंबसं बोललो, "भाभी, मी दोरी सोडली होती. पळालो होतो मी."

पलीकडून आवाज आला, "माले माहीत शे. त्यास्नी त्याच दिन सांगेल व्हतं." मग म्हणाल्या, "चहा पी ल्या, थंडा व्हई ऱ्हायना."

मी चहा प्यालो. निघताना पाहिलं, दोरी मधून ढिली पडून पडदा जमिनीला लागत होता. खिळ्याशी गेलो, ओढून ताणली, गाठ मारली. गाठ पक्की बसली होती, तरी किती तरी वेळ हातातून दोरी सोडवेना.