न मोजलेले श्वास

मंगळवार, १४ मार्च २०१७. परिचारिका महाविद्यालयाच्या आवक नोंदवहीत त्या दिवशी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीची रुग्णवही जमा झाल्याची नोंद आहे. शेरा असा : 'पन्नासपैकी एकोणपन्नास. परीक्षेस अपात्र.'

वर्गात तिला 'मिनिटबाई' म्हणत. रुग्णाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत असे पुस्तकात छापलेले होते, आणि ती तसे मोजत असे. बाकीच्या मुली ताप आणि नाडी नीट पाहत; श्वासांच्या रकान्यात मात्र सरळ वीस लिहीत. वीस हा आकडा कोणाच्या डोळ्यांत खुपत नसे.

"अगं, आपल्या वॉर्डात खुर्च्यासुद्धा मिनिटाला वीस श्वास घेतात," तिची खोलीतली मैत्रीण चिडवायची. "तू काय मुहूर्त बघत बसतेस?"

"मोजायचंच नाही तर घड्याळ कशाला लावायचं?"

"शोभेला, बाई!"

पन्नास रुग्णांच्या नोंदी पुऱ्या झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे. शेवटच्या आठवड्यात तिच्या बारा बाकी होत्या, आणि त्यातच दोन चाचण्या. सकाळी उलटी करून, तोंड धुऊन, केस घट्ट बांधून ती वॉर्डात जायची, असे मैत्रीण सांगते. आई कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवत असे. तिला याचा पत्ता नव्हता.

"दमली असशील तर ये गं दोन दिवस," आई फोनवर म्हणाली होती.

"आले तर परत जाणार नाही हं, आई."

"ती हसली," आई सांगते, "म्हणून मीही हसले."

चौदा तारखेच्या सकाळी तिचा पन्नासावा रुग्ण होता एक निवृत्त सुतार. खुब्याचे हाड बसवून दोन दिवस झाले होते. "सावकाश, पोरी. मी कुठं पळून जातोय?" तो म्हणाला. तिने ताप घेतला, नाडी पाहिली. तेवढ्यात पलीकडून हाक आली, आणि तिने पहिल्यांदाच न मोजता वीस लिहिले. सिस्टरने सही केली. दुपारी दीडच्या सुमारास सुतार गेला. रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकली होती.

"मोजले असतेस तरी काही फरक पडला नसता," डॉक्टर म्हणाले. या मताला कागदोपत्री आधार सापडत नाही. विरोधी पुरावाही नाही.

तिने वही उघडली. शिकवल्याप्रमाणे त्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारली, बाजूला 'मोजले नाहीत' असे लिहून सही केली.

"डोकं फिरलंय का तुझं?" सिस्टर म्हणाली. "कोण वाचणार आहे हे?"

"मी वाचलंय ना, सिस्टर."

सिस्टरने मग स्वतःची सही खोडली. पण वही जमा करायला पाचपर्यंत वेळ होता, म्हणून पन्नासावी नोंद दुसऱ्या रुग्णाची व्हावी यासाठी तिला शेजारच्या खाटेपाशी नेऊन उभेही केले. "यांचे मोज. एकच मिनिट. मी थांबते."

मैत्रीण तिथेच होती. मिनिटबाईने घड्याळ हातात धरले. नवापर्यंत मोजले आणि थांबली. पुन्हा एकपासून सुरुवात केली. असे तीनदा झाले. मग वही मिटून ती कार्यालयाकडे चालू लागली.

पुढल्या वर्षी पुन्हा बसावे, असे महाविद्यालयाचे पत्र घरी गेले. उत्तर आल्याची नोंद नाही. आज ती आईच्याच कारखान्यात खिसे शिवते. त्या दिवसाबद्दल तिने बोलण्यास नकार दिला, आणि तो नकार येथे पाळला आहे.

सुताराच्या खाटेवरील तक्त्यात दोन दिवसांच्या अकरा नोंदी आहेत, चार निरनिराळ्या हस्ताक्षरांत. श्वासांच्या रकान्यात अकराही वेळा वीस. त्यांतले किती मोजलेले होते, हे माहीत नाही. त्या सकाळी तो मिनिटाला किती श्वास घेत होता, हेही माहीत नाही.