लाभाच्या आधीचं घर

तर गाडगी चार. तीन न्हाईत, पाच न्हाईत. भागम्माच्या टोपल्यात चारच बसतात म्हणून दही चारच गाडग्यांत लावायचं, इथवर काल आपण आलो होतो. सोनपेठच्या आठवडी बाजारात तिची जागा ठरलेली, लिंबाखाली, मिरचीवाल्यांच्या शेजारी. दही असं, की गाडगं पालथं केलं तरी हलायचं नाही. पण गिऱ्हाइकाचा काय भरवसा? कधी चारी गाडगी दुपारच्या आत जातात, कधी दोन-तीन डोक्यावरून परत येतात. परत आलेल्या दह्याची कढी, आणि कढी म्हणजे लागोपाठ दोन दिवस. भागम्माचा मालक धोंडप्पा जेवायला बसला की आधी वाटीत वाकून बघायचा आणि म्हणायचा, "बाजार कसा झाला ते इचारायचं कामच न्हाई."

पण गोष्ट आहे ती त्यांच्या सुनेची, महेश्वरीची. काल कढीच्या नादात ती मागंच राहिली.

महेश्वरी लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा बी.कॉम.चे सगळे पेपर निघालेले होते, एक सोडून. बिझनेस स्टॅटिस्टिक्स. दोनदा बसली, दोनदा राहिली. धोंडप्पा माणूस मनाचा चांगला, पण एकदा बोलला की बोलला. त्यानं सुनेला समोर बसवून सांगितलं, की आणखी एक बारी बस, गंगाखेडला कॉलेजात जायचं तर एसटीनं जा, कुणी आडवं येणार नाही. पण ह्याही बारीला पेपर निघाला न्हाई तर पुस्तकं माळ्यावर चढतील, ती पुन्हा खाली यायची न्हाईत. महेश्वरीनं पदर सारखा केला, "बरं मामा" म्हणाली, आणि उठून पहिलं काम काय केलं असेल? माळ्याला लावलेली शिडी उचलली आणि गोठ्यात नेऊन ठेवली. भागम्मानं विचारलं, शिडी कुठं चालली गं? तर म्हणाली, माळ्यावर काय चढवायचंच न्हाई तर ओसरीत अडचण कशाला.

आता तिचं अडत होतं कुठं, तर नाण्यात आणि फाशात. पुस्तकात जो तो नाणं उडवायलाय. एकदा न्हाई, तीन-तीनदा. हिला वाटायचं, ह्या माणसाला दुसरा कामधंदा न्हाई का? आणि धड्याचं नाव तरी कसं, खंडित संभाव्यता वितरण. खंडित हा शब्द आपल्याकडं एकाच कामाला येतो: उद्या वीजपुरवठा खंडित राहील. महेश्वरीनं वर्गातल्या चाचणीत सरळ लिहून टाकलं, की जी संभाव्यता मधेच बंद पडते आणि दुपारनंतर परत येते, तिला खंडित म्हणतात.

सत्यशीला मॅडम हा विषय शिकवायच्या. त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, पण नंतर त्यांनी तिला जवळ बसवलं आणि विचारलं, की तुमच्या घरी काय विकतात? दही, म्हणाली. मग मॅडमनी विचारलं, "मोजून विकता का मापून?"

महेश्वरीनं जरा विचार केला. दूध घरी येतं ते मापून. ते सव्वा लिटर असेल, दीड असेल, त्याच्या मधलं कितीही असेल, धार कुठंही तोडा. पण त्याच दुधाचं गाडग्यात दही लागलं, की ते मोजायचं. एक गाडगं गेलं, दोन गेली; दीड गाडगं कुणी नेत नाही. "दूध मापून, गाडगी मोजून," ती म्हणाली.

"झालं मग. मोजतो ते खंडित. नाणं ऱ्हाऊ दे, तू गाडग्यांचं वितरण मांड."

बघा, दोन वर्षं जे डोक्यात शिरत नव्हतं ते एका परकराच्या गाठीसारखं सुटलं. मॅडमनी तोंडी परीक्षेसाठी तेच काम दिलं. बाजारात किती गाडगी जातात ते लिहायचं, आणि किती वेळा एक, किती वेळा दोन, त्यावरून प्रत्येकाची संभाव्यता काढायची. महेश्वरी लागली. दर बाजारी भागम्मा पायरीवर टोपलं उतरवायची आणि ही तांब्याभर पाणी घेऊन समोर उभी. आत्याबाई, किती गेली? भागम्मा बोटं दुमडत मोजायची, "लाभ, दोन, तीन." आपल्याकडं धान्याचं पहिलं माप कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात, भागम्मा गाडग्यांनाही लाभच म्हणायची. महेश्वरी फोनात आकडा टाकायची. एखाद्या बाजारी मात्र भागम्मा टोपलं उतरवून नुसतं म्हणायची, "बाजार वाढवला," आणि पाय धुवायला जायची. वाढवला म्हणजे आवरला. दुकान बंद केलं असं आपण म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. घरातलं मीठसुद्धा संपत नाही, वाढतं. महेश्वरी अशाच घरात जन्मलेली. सासूनं आकडा सांगितला नाही, हिनं विचारला नाही. त्यात काही चुकलं असं दोघींच्या मनातही आलं नाही.

असे वीस बाजार झाले. मॅडमनी कागद बघितला आणि सगळ्या संभाव्यतांची बेरीज केली. ०.८०.

मॅडम म्हणाल्या, बेरीज एकच यायला पाहिजे. बाजारी जे जे घडू शकतं ते सगळं धरलं, की एक भरतो. तुझं काहीतरी धरायचं राहिलंय. काय ते तूच शोध, परीक्षा तुझी हाय.

घरी आली तर तिचा नवरा वैभव मदतीला धावला. त्याला आकड्यांची हौस. त्यानं फोनातले आकडे मोजले, सोळा निघाले, आणि म्हणाला, अगं मग विसानं कशाला भागायलीस? सोळानं भाग, बेरीज बरोबर एक येती. आली सुद्धा. अपेक्षित मूल्य, म्हणजे बाजारामागं सरासरी गाडगी, निघाली सव्वादोनच्याही वर. वैभव म्हणाला, झालं, आता झोप निवांत.

पण महेश्वरीला ते पटेना. चारातली सव्वादोन जातात, तर परत यायला पाहिजेत दीड-पावणेदोन. मग घरात एवढी कढी कुठून येते? धोंडप्पाची वाटी खोटं बोलत नव्हती. तिनं वैभवला सांगितलं, की तुमचं गणित बरोबर हाय, पण आपल्या घरचं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामं उरकल्यावर ती ओसरीत बसली. खडूनं चार घरं आखली: लाभ, दोन, तीन, चार. वीस चिंचोके मोजून घेतले, एका बाजाराचा एक. फोनात बघून एकेक चिंचोका घरात ठेवत गेली. लाभाच्या घरात तीन, दोनाच्या घरात सहा, तिनाच्या घरात पाच, चाराच्या घरात दोन. आणि मुठीत चार चिंचोके उरले. त्यांना घरच नव्हतं.

भागम्मा जवळच वाती वळत बसली होती. महेश्वरीनं मूठ उघडून तिच्यापुढं धरली आणि विचारलं, "आत्याबाई, ह्या चार बाजारी तुमी गेलाच न्हाईत का?"

"गेले न्हाई कशी? तूच टोपलं उचलू लागलीस न्हवं. एकदा तर आभाळ भरून आलतं, निम्मा बाजार पांगला, तरी बसले. सांजंपातुर."

"मग त्या दिशी किती गेली?"

भागम्मा वात वळता वळता थांबली. विसाचे वीस बाजार ती लिंबाखाली बसली होती, पण तो आकडा तिनं तोंडातून कधी काढला नव्हता आणि आताही काढणार नव्हती. महेश्वरीनं हट्ट सोडला नाही, पण शब्दासाठी अडूनही बसली नाही. मूठ तशीच पुढं धरून ठेवली. शेवटी भागम्मानं चारी चिंचोके उचलले आणि लाभाच्या घराच्या अलीकडं, जिथं खडूची रेघसुद्धा नव्हती, तिथं आपल्या गुडघ्यापाशी ठेवले. वर बजावलं, की तिथं काय लिव्हायचं ते कागदावर लिव्ह, ह्या ओसरीत बोलू नको.

महेश्वरीनं त्या चिंचोक्यांभोवती पाचवं घर आखलं. संभाव्यता ०.२०. बेरीज पुरती एक. सरासरी उतरून आली १.९ वर, म्हणजे चारातली दोनाला जरा जास्त परत. कढीचाही हिशेब बसला. धोंडप्पाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, एवढं तर मी वाटी बघूनच सांगितलं असतं, पण सुनेनं आखलेली घरं त्यानं चार दिवस कुणाला पुसू दिली नाहीत.

मग आली तोंडी परीक्षा. सत्यशीला मॅडमच्या शेजारी बाहेरून आलेले एक सर, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, की एक पूर्णांक नऊ गाडगी कोणत्या बाजारात विकली? कोणत्याच न्हाई, ही म्हणाली; बाजारी अख्खंच गाडगं जातं, हा आकडा सगळ्या बाजारांचा मिळून आहे. सरांनी मान डोलावली. मॅडमना वाटलं, सुटली.

पण सर कागदाकडं पाहतच राहिले. मग त्यांनी शून्याच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच. ही ओळ खोडली तरी तुमची १.९ ची बेरीज तसूभर हलत नाही. मग ही ओळ लिहिलीत कशाला?

पुढं निकाल काय लागला ते तुम्हाला ठाऊकच आहे. शिडी अजून गोठ्यातच आहे. पण त्या घडीला महेश्वरीनं त्या शून्याच्या ओळीकडं पाहिलं. लाभाच्या अलीकडचे ते चार चिंचोके तिच्या डोळ्यांपुढं आले. वहीतलं सगळं बोलणं विसरून ती घरच्या बोलीत बोलून गेली:

"सर, त्या बाजारी दही गेलं न्हाई, पण बाजार झाला की. आमच्या आत्याबाई सांजंपातुर बसल्या होत्या तितं. त्यांचं बसणं तुमी धरलं न्हाई, तर एक भरंल कसा?"