जूनमधली बैठक

शमीम मॅडम गेल्याचं आईने फोनवर सांगितलं. "त्या बजेटवाल्या मॅडम गेल्या, बाई," एवढंच म्हणाली. मेहकरच्या आमच्या इंग्रजी शाळेत त्या सातवीला गणित शिकवायच्या, आणि आठवड्यातून एक तास घरखर्च.

त्या तासाला प्रत्येक गटाला त्या एक काल्पनिक घर द्यायच्या. आईवडील, मुलगा, मुलगी, थोडी कपाशी, वर्षाची मिळकत. किराणा, दवाखाना, बीटी बियाण्याची पाकिटं, दोघांची फी, सगळं आम्हीच बसवायचं. एकदा हिशोब जुळल्यावर त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'पाऊस दडला. दुबार पेरणी.' बियाणं पुन्हा घ्यायचं, तर काय खोडणार? सगळ्या गटांनी मुलीची फी खोडली. आमच्या गटात तर सगळ्या मुलीच होत्या. मॅडम कागद बघत राहिल्या. "सगळ्यांनी हीच काऊन?" मागून एक जण म्हणाला, "मॅडम, पोरगी तं सासरी जाते. कपाशी वावरातच राह्यते." वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात पप्पा शाळेत आले. डोणगावला आमचं कृषी केंद्र. त्या वर्षी बियाणं उधारीवर गेलं होतं आणि वसुली थांबली होती. दादाला शाळेत ठेवून माझा दाखला काढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मला वाटलं, मॅडम भांडतील. त्यांनी पप्पांना खुर्ची दिली आणि मला म्हणाल्या, "बेटा, वर्गात काय झालं ते पप्पांना सांग." मी हजेरीपलीकडे कधी बोलत नसे. फरशीकडे बघत सांगितलं... कुणी काय खोडलं, पोरं का हसली. पप्पा गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिले.

"मंग मी काय खोडू? तुम्हीच सांगा, मॅडम."

"मी कशी सांगू, भाऊ? घर तुमचं. सगळे मिळून बसा. हिलाही बसवा."

मला त्यांचा रागच आला. माझ्या बाजूने एक शब्द नाही. त्या रविवारी पप्पा, दादा आणि मी चटईवर हिशोबाला बसलो, माझं मीच बोलले; दुकानावरचे नवे पत्रे रद्द झाले आणि मी शाळेत राहिले, पण एकाच वर्षासाठी. पुढच्या जूनला पुन्हा चटई, पुन्हा माझं मलाच बोलायचं. बारावीपर्यंत असंच. मॅडम भेटल्या की विचारायच्या, "बोललीस का?" काय ठरलं, ते कधी विचारलं नाही.

माझं शिक्षण संपलं तरी बैठक राहिली; मी तेवढ्यासाठी घरी यायचे. आई चहा ठेवून दाराला टेकून उभी राहायची. या जूनला मात्र पप्पा किराण्याचा खर्च वाचत असताना ती चटईवर येऊन बसली.

"माह्यंबी लिहा. डोळे दाखवाचे हायेत. अकोल्याले."

पप्पांनी वर पाहिलं. "खताचे पैसे बाकी हायेत अजून. पाहू पुढच्या महिन्यात."

दादाने मोबाइल बाजूला ठेवला. चहा निवत होता... आई उठली नाही.