चाखोबांचा चौथा रकाना

आमच्या पेयांच्या कारखान्यात तीनशे माणसे कामाला होती. त्यांपैकी एकालाच कामाच्या वेळेत आणि कामाचा भाग म्हणून वाईन पिण्याची मुभा होती. पिण्याची म्हणजे घोट तोंडात घोळवून थुंकण्याची. थुंकण्याबद्दल दरमहा पगार घेणारा दुसरा इसम माझ्या पाहण्यात नाही.

कागदोपत्री त्यांचा हुद्दा 'चवपरीक्षक' असा होता, परंतु फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मालकांपर्यंत सर्वजण त्यांना चाखोबा म्हणत. अंगाने किरकोळ, उंचीने बेताचे. नाक मात्र दोघांना पुरून उरेल असे. रोज सकाळी अकराला ते चाचणीच्या खोलीत जात. पांढऱ्या फरशीच्या टेबलावर तीन पेले मांडलेले असत: वाईन, जिंजर आणि लिंबू सोडा. परीक्षा झाली की ते स्वहस्ते रजिस्टर भरत आणि बारा वाजता माझ्या दफ्तरखान्यात आणून देत. दफ्तर माझ्या ताब्यात होते. रजिस्टरात सहा रकाने होते आणि त्यांतला चौथा वासाचा. वाईनसमोर त्या रकान्यात चाखोबा कादंबरी लिहीत: 'ओली माती, मागून मनुका, अगदी शेवटी नवी चामडी चप्पल.' जिंजरसमोर एकच शब्द असे, 'आले.' लिंबू सोड्यासमोर 'लिंबू' लिहिण्याचेही कष्ट ते घेत नसत. वरच्या ओळीखाली दोन टिंबे देत.

मी जिंजरवाला. आमचे भांडण सत्तावीस वर्षे दर रविवारी त्यांच्या घरी नेमाने चाले. जिंजर हे पेय नसून घशाचे औषध आहे आणि त्याला पेल्यात ओतणे म्हणजे काढ्याला मानपत्र देणे होय, असे त्यांचे मत होते. वाईन हा मुळात नासलेला द्राक्षरस असून केवळ बाटलीत आडवा निजवून ठेवल्यामुळे त्याला इभ्रत आली आहे, असे माझे प्रतिपादन असे. वहिनी, म्हणजे चाखोबांच्या सौभाग्यवती, दोघांपुढे आपापला पेला ठेवीत आणि स्वतः कोमट पाणी पीत. डोळे बांधून दोघांनाही कोमट पाणीच द्यायला हवे, म्हणजे वाद मिटेल, असे त्या अधूनमधून सुचवीत.

एका हिवाळ्यात चाखोबांना सर्दी झाली आणि ती तीन आठवडे हटली नाही. बरे होऊन कामावर आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी वाईनचा पेला बाजूला सारला आणि जिंजर मागितले. त्यांनी एक घोट घेतला.

"झणका आहे हो याला," ते म्हणाले. "तोंडाशी काहीतरी बोलतं तरी."

सत्तावीस वर्षांनी शत्रूने किल्ल्याच्या किल्ल्या आणून हातात ठेवाव्यात, तसे मला झाले. सभ्यपणा म्हणून मी फक्त त्यांचा पेला पुन्हा भरला. घरी येऊन रोजनिशीत मात्र तारखेसह नोंद केली. पुढच्या प्रत्येक रविवारी ते जिंजरच पीत राहिले, आणि माझा आनंद बरोबर तीन महिने टिकला.

तिमाही संपली की रजिस्टरे तपासण्याचा माझा शिरस्ता होता. शेवटच्या महिन्यातल्या चौदा तारखेच्या नोंदीत चौथ्या रकान्यात वाक्य होते: 'शेजारच्या खोलीला रंग दिल्याने टर्पेंटाईनचा वास मिसळला आहे, तो वगळता ओली माती, मनुका.' रंगाऱ्यांना आत येण्याचे पास मीच देत असे, आणि त्या महिन्यात एकही रंगारी आत आलेला नव्हता. मी गतवर्षीचे रजिस्टर शोधू लागलो. ते जागेवर नव्हते. 'तुलनेसाठी' म्हणून चाखोबांनी ते नेल्याची नोंद माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात होती. मी ते त्यांच्या खणातून काढले. त्याच महिन्यात तेच वाक्य, तोच स्वल्पविराम. मग मी सगळे ताडून पाहिले. त्र्याहत्तर नोंदींपैकी सत्तर नोंदी अक्षरशः उतरवलेल्या होत्या. गतवर्षी त्या तिमाहीत तीन सुट्ट्या जास्त होत्या. उरलेल्या तीन दिवशी चौथ्या रकान्यात नुसते 'छान' लिहिलेले होते.

संध्याकाळी दोन्ही रजिस्टरे पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेलो. पिशवीचा चौकोनी आकार पाहूनच चाखोबा खुर्चीत बसले.

"आता सांगा, नाहीतर मी सांगते," वहिनी म्हणाल्या. आणि त्यांनीच सांगून टाकले. परवा गॅसवर दूध करपले, घरभर धूर झाला, आणि हे गृहस्थ शेजारच्या खोलीत स्वस्थपणे वर्तमानपत्र वाचत होते. सर्दीने नाक नेले होते. परत येईल किंवा येणारही नाही, असे डॉक्टरांनी दोन्ही हात मोकळे ठेवून सांगितले होते. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. हे बाहेर फुटले तर ते चौदा महिने लेबले चिकटवण्याच्या खात्यात काढावे लागतील, हे उघड होते.

"लेबलांचं काही नाही," चाखोबा म्हणाले. "पण बत्तीस वर्षं या नाकाला विचारल्याशिवाय एक पिंप बाहेर गेलं नाही. उद्या फाटकावर म्हणतील, म्हातारा नुसता फुकटची पीत होता."

मी जिंजरबद्दल विचारले. जीभ काम करते, असे ते म्हणाले, पण जिभेला गोड, आंबट, तुरट याहून जास्त काही समजत नाही. वाईन आता त्यांना आंबट पाणी लागे आणि लिंबू सोडा गोड आंबट पाणी. आले मात्र चावते; ते चावले की आपण काहीतरी पितो आहोत, एवढे तरी कळते. तात्पर्य, माझा सत्तावीस वर्षांचा विजय हा सर्दीचा विजय होता.

तुमचे नाक चौदा महिने उसने द्या, अशी त्यांनी विनंती केली. मी एका अटीवर कबूल झालो: ज्याने वास घेतला, त्याची सही चौथ्या रकान्यात पडेल.

"सही केलीत तर सगळ्यांना कळेल," ते म्हणाले.

"नाही केली तर रजिस्टर खोटं ठरेल."

"रजिस्टर काय तुमची बायको आहे?"

"बायको असती तर एवढी जपली नसती," वहिनी म्हणाल्या.

तासभर घासाघीस झाली. निदान सही बारीक करा, एवढ्यावर ते आले. मी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या आकाराची सही केली.

वास घेणे हे शिक्षणाने येते, हे मला साठीला टेकल्यावर समजले. पहिल्या दिवशी त्यांनी काय येतंय असे विचारले, तेव्हा मी 'वाईनचा वास' असे उत्तर दिले. कपाट उघडून कपाटाचा वास आला म्हणण्यातलाच हा प्रकार, असे म्हणून त्यांनी मला पुन्हा पेल्यात नाक घालायला लावले. कशासारखा, ते आठवा. बऱ्याच वेळाने मला नव्या पुस्तकाची बांधणी आठवली. चाखोबा खूश झाले. 'डिंक, कोरे कापड,' त्यांनी लिहिले. माझ्या आयुष्यात जे वास होते ते सगळे कचेरीतले. त्यामुळे पुढचे नऊ दिवस वाईनचा चौथा रकाना शाई, लाख, खोडरबर आणि नवी फाईल यांनी भरून गेला. कोणी तो स्वतंत्रपणे वाचला असता, तर त्याला ती लेखनसामग्रीची मागणी वाटली असती.

दहाव्या दिवशी टेबलावर मोठ्या मागणीच्या मालाचा पेला होता. चाळीस पिंपे, दुपारी गाड्या निघायच्या होत्या. मी नाक घातले आणि क्षणात ओळखले.

"तळमजल्यात पाणी शिरलं होतं त्या वर्षीची रजिस्टरं. खालच्या कप्प्यातली."

चाखोबांनी घोट घेतला, घोळवला, थुंकला. जिभेला तो निर्दोष लागला. माझी खात्री आहे का, असे त्यांनी विचारले. त्या दफ्तरखान्यात मी तीस वर्षे बसलो होतो. या एका वासाबाबत माझ्या वरचढ तज्ज्ञ नव्हता.

"पिंपाच्या लाकडाला बुरशी लागली आहे," ते हळूच म्हणाले. "एकटा असतो तर आज ही पास केली असती."

त्यांनी सहाव्या रकान्यात 'नामंजूर' लिहिले. चाळीस पिंपे अडल्यावर काय होणार, हे आम्हा दोघांना ठाऊक होते, आणि तसेच झाले. अर्ध्या तासात धाकट्या मालकीणबाई आल्या. मालकांची ही मुलगी चाखोबांच्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली होती आणि त्यांना काका म्हणे. तिने रजिस्टर पाहिले. चौथ्या रकान्यातील परकी सही पाहून तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

हे जवळच होते म्हणून सहज विचारले, असे काहीतरी सांगून चाखोबांना वेळ मारून नेता आली असती. चाखोबांनी पेला खाली ठेवला.

"वास यांनी घेतलाय. मला येत नाही. तीन महिने झाले. आधीचा सगळा रकाना मी मागच्या वर्षीचा उतरवलाय."

तिने पेला उचलून हुंगला आणि तोंड वाकडे केले. मग खुर्ची ओढून बसली.

"वाटलंच होतं, काका. तीन महिने मी तेच अत्तर लावून येते, आणि तुम्ही पूर्वीसारखी एकदाही खिडकी उघडली नाहीत. मला वाटलं, शेवटी माझा मान ठेवायला लागलात."

दोन दिवसांनी आदेश निघाला. वाईनची परीक्षा प्रयोगशाळेतल्या नव्या रसायनतज्ज्ञ बाईंकडे गेली. त्या तयार होईपर्यंत चौथ्या रकान्यात माझी सही. चाखोबांकडे जिंजर आणि लिंबू सोडा. कागद दोनदा वाचून त्यांनी घडी केली. "लिंबूसुद्धा," एवढेच ते म्हणाले. जणू खरा अपमान तेवढाच होता.

पुढचे चौदा महिने त्यांनी जिंजरचा पिच्छा पुरवला. झणका आणखी हवा म्हणून त्यांनी दर आठवड्याला आल्याचे प्रमाण बदलायला लावले. चाचणीच्या खोलीतून ठसक्याचा आवाज आला की बॅच पास झाली, असे कामगार समजत. जिंजर ते कधी थुंकले नाहीत.

आता आम्ही दोघेही निवृत्त आहोत. रोज पेल्यात नाक घालता घालता मला वाईनची गोडी लागली, हे कबूल करणे प्राप्त आहे. रविवारी वहिनी अजूनही जुन्या सवयीने वाईन त्यांच्यापुढे आणि जिंजर माझ्यापुढे ठेवतात. मग चाखोबा पेले बदलतात. माझ्याकडे सरकवण्यापूर्वी ते वाईनचा पेला क्षणभर नाकाशी धरतात. मी त्या वेळी खिडकीबाहेर पाहतो. मग नासलेला द्राक्षरस आडवा निजवल्याने थोर होत नाही, असे ते मला सुनावतात, आणि मी काढ्याच्या मानपत्राचा विषय काढतो.

मागच्या रविवारी मी पहिला घोट घेतला आणि त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय येतंय?"

मी नीट विचार करून सांगितले, ओली माती, मागून मनुका.

"उतरवलंत," चाखोबा म्हणाले. "पुन्हा वास घ्या."